मधला स्पीकर

एस. वाय. बी. ए.

आमच्या इचलकरंजीत पाण्याची ओरड असते, सुताच्या भावाची ओरड असते. आवाजाची मात्र सदैव सुबत्ता आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव काही गप्प बसलेले नाही. गल्लीतून चालताना दोन्ही अंगांनी मागांची खडखड चालू असते आणि मध्येच वीज गेली तर अचानक पडलेल्या शांततेने पाळण्यातली मुले दचकून जागी होतात. अशा गावात पैसे मोजून घरात आणखी आवाज आणणारी माणसे आहेत हे मला प्रथम कळले तेव्हा मोठी गंमत वाटली होती. पण गेली दोन वर्षे मी अशाच लोकांच्या घरी जाऊन स्पीकर बसवतो आहे. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी टीव्ही व होम थिएटरच्या एका दुकानात मदतनीस, असा माझा दिनक्रम आहे. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणतात, म्हणून मीही काकाच म्हणतो.

होम थिएटर म्हटले की बहुतेक गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, ती म्हणजे दणका. काका त्यांना शांतपणे सांगतात, "दणका पाहिजे असेल तर दारात डॉल्बी लावा की. माझ्याकडे कशाला आलाय?" आमच्या कोल्हापूर भागात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती. वस्तुतः रे डॉल्बी हे एका अमेरिकन इंजिनियरचे नाव. १९६५ साली त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली आणि प्रथम नाव मिळवले ते टेपवर ऐकू येणारी खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. ज्या माणसाने नको असलेला आवाज घालवण्यासाठी डोके शिणवले, त्याच्याच नावाने आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. नावांचे नशीब असे असते!

काकांकडे मी जे शिकलो ते दणक्याचे शास्त्र नव्हे, समतोलाचे आहे. ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही.

साध्या होम थिएटरला पाच स्पीकर आणि एक सबवूफर असतो. सबवूफरचे काम फक्त खर्जाचे, म्हणून त्याला पूर्ण एक न मोजता 'पॉइंट वन' म्हणतात आणि सगळ्या संचाला 'फाइव्ह पॉइंट वन'. पुढे डावा, उजवा आणि मधला, तर मागच्या अंगाला आणखी दोन. पुढचे डावा-उजवा आणि ऐकणारा माणूस यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. म्हणजे माणसाने समोर पाहिले असता हे दोन्ही स्पीकर त्याच्या नजरेच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर येतात. मागचे दोन साधारण एकशे दहा अंशांवर, म्हणजे अगदी पाठीमागे नव्हे, तर कानांच्या किंचित मागे.

पण कोन जुळले म्हणजे झाले असे नाही. आवाजाला पोहोचायला वेळ लागतो. खोलीतल्या हवेत तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर जायला त्याला जवळजवळ तीन मिलिसेकंद हवेत. हा काळ म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही कितीतरी आत. पण कान तेवढाही फरक ओळखतो. एकच आवाज दोन स्पीकरांतून आला, तर जो आधी पोहोचतो त्याच बाजूने सगळा आवाज आला असे आपल्याला वाटते. म्हणून काका टेप काढतात, प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीपर्यंतचे अंतर मोजतात आणि ते आकडे ॲम्प्लिफायरमध्ये भरतात. जवळच्या स्पीकरला ॲम्प्लिफायर मग क्षणभर थांबवून धरतो. लांबचा निघाला, वाटेत आहे. तू जरा दम धर, असे जणू सांगतो. पंक्तीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानावरच्याने थांबावे, तसला हा प्रकार आहे.

त्यानंतर येतो सेल. घड्याळाचा साधा दीड व्होल्टचा सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की स्पीकरचा पडदा बाहेर येतो किंवा आत जातो. सगळ्यांचे पडदे एका वेळी एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाची वायर उलटी लागली तर तो बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो. मग खर्ज नाहीसा होतो आणि गाणारी बाई समोर उभी न राहता खोलीभर पसरून जाते.

शेवटी मीटर. ॲम्प्लिफायर एकेका स्पीकरमधून पत्र्यावरच्या पावसासारखा 'श्शऽ' असा आवाज सोडतो. खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर मीटर धरायचा आणि प्रत्येक स्पीकरचा आकडा ७५ डेसिबल येईपर्यंत त्याला कमी-जास्त करत राहायचे. डेसिबलचा हिशेब जरा विचित्र आहे. तीन डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला दहाएक डेसिबल वाढावे लागतात. हल्ली पुष्कळ ॲम्प्लिफायरांबरोबर एक छोटा माइक येतो. तो खुर्चीवर ठेवून बटण दाबले की यंत्र स्वतःच सगळे मोजून जुळवते. काका ते बटण दाबतात, यंत्राचे काम होऊ देतात आणि मग पुन्हा टेप काढतात.

यात सर्वांत प्रेक्षणीय भाग सबवूफरचा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज कोणत्या दिशेने येतो हे कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे तो खोका कुठेही ठेवला तरी चालेल असे वाटते. पण खोलीच्या भिंती खर्ज कुठे फुगवतात, कुठे गिळून टाकतात. कोपऱ्यात तो सर्वांत जास्त फुगतो. योग्य जागा शोधण्याची युक्ती उलटी आहे. सबवूफर उचलून चक्क मालकाच्या खुर्चीवर ठेवायचा आणि आपण भिंतीच्या कडेने रांगत कान लावत फिरायचे. जिथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येईल तिथे त्याची जागा. लाखो रुपयांच्या दिवाणखान्यात आमचे साठीचे काका गुडघ्यांवर रांगताहेत, घरातली लहान मुले आनंदाने त्यांच्यामागे रांगताहेत आणि मालकाच्या खुर्चीत एक काळा खोका विराजमान आहे, हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

आता मधल्या स्पीकरविषयी. टीव्हीखाली आडवा पडलेला हा लांबट खोका दिसायला सर्वांत बापडा. पण सिनेमातले बहुतेक संवाद याच्यातूनच येतात. मला सुरुवातीला प्रश्न पडे की, डावा आणि उजवा स्पीकर सारख्याच आवाजात वाजले तर बोलणे आपोआप मध्यभागातून आल्यासारखे वाटतेच, मग मधला हवा कशाला? याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि आपला सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक तरुण इंजिनियर आपल्या भावी पत्नीबरोबर सिनेमाला गेला होता, असे सांगतात. पडद्यावरचा नट या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज एकाच जागी खिळलेला, हे त्याला खटकले. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो तो हाच. पुढे एप्रिल १९३३ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या लोकांनी फिलाडेल्फियात चाललेले वाद्यवृंदाचे वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवले. त्यांनी तिथे स्पीकर लावले ते दोन नव्हे, तीन.

याचे कारण सरळ आहे. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्यावर बसलेल्या एका माणसाला मधला आवाज मध्ये ऐकू येतो. पण सभागृहात शेकडो माणसे असतात. जो डाव्या कडेला बसला आहे त्याच्यापर्यंत डावा स्पीकर आधी पोहोचतो आणि त्याच्यापुरता सगळा वाद्यवृंद डाव्या कोपऱ्यात गोळा होतो. मध्ये खराखुरा स्पीकर ठेवला तर माणूस कुठेही बसो, आवाज मधूनच येतो. म्हणजे मधला स्पीकर मध्ये बसणाऱ्यासाठी नसतोच. त्याला तर त्याच्यावाचूनही चालले असते. तो असतो कडेला बसलेल्यांसाठी.

हे मला काकांनी शब्दांत कधी सांगितले नाही, पण त्यांच्या वागण्यात ते दिसते. गेल्या वर्षी एका बंगल्यात आम्ही काम करत होतो. मालकांनी ऐटबाज खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "सगळं हिच्या हिशेबानं बसवा." काकांनी मान डोलावली आणि विचारले, "साहेब, घरात टीव्ही जास्त कोण बघतं?" मालक हसले. "मी कुठला! मी रात्री दहाला येतो. आई बघते दिवसभर." "त्या कुठं बसतात?" आई बसत होत्या देवघराच्या दाराशी, भिंतीला टेकून, खाली जाजमावर. काका तिथे जाऊन बसले आणि मला म्हणाले, "मीटर इकडं आण." मधल्या स्पीकरचे तोंड त्या दिवशी थोडे खाली आणि थोडे देवघराकडे वळले. खुर्चीतला आकडा दोन-तीन डेसिबलने हलला, पण मालकांच्या ते लक्षातही आले नाही. आई मात्र आम्ही निघताना म्हणाल्या, "आज बातम्या देणारी पोरगी नीट बोलतीया."

पुढे काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने नवा संच घेऊन जुना दुकानात दिला. काकांनी तो मला देऊ केला. पैसे सहा महिने पगारातून थोडे थोडे कापायचे ठरले. सायकलवर तीन खेपा करून मी तो घरी आणला. सहा खोकी ओळीने मांडलेली पाहून आमचे आण्णा म्हणाले, "एवढी खोकी? आनी बोलनार कितीजन?"

आमचे घर म्हणजे दहा बाय बारा फुटांची एक खोली आणि मागे स्वयंपाकाची जागा. पुस्तकातला त्रिकोण तिथे मावत नाही. डावा स्पीकर शोकेसवर, उजवा भिंतीला, मागचे दोन माळ्याच्या कडेला आणि सबवूफर जुन्या वाकळेच्या घडीवर. वाकळ अशासाठी की, फरशीवर ठेवला तेव्हा पलीकडच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजू लागली होती. टेप, सेल, मीटर सगळे झाले. पाचही स्पीकरांचा आकडा ७५ आला. फक्त ज्या बिंदूवर तो आला तो बिंदू खोलीच्या अगदी मध्यभागी होता. रात्री तिथून आमच्या अंथरुणांची रांग सुरू होते आणि संध्याकाळी तिथे कोणीच बसत नाही.

आज्जी बसते कॉटवर. धाकटी बहीण टीव्हीच्या पुढ्यात. आई स्वयंपाकघराच्या दारात, एक डोळा तव्यावर ठेवून. आणि आण्णा बाहेरच्या दाराशी, चौकटीला पाठ लावून. बारा तास बंद शेडमध्ये काढल्यावर माणसाला वारा हवा असतो.

आण्णा सत्तावीस वर्षे मागावर आहेत. चार माग एकटे सांभाळतात. शेडमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवर सगळे चालते. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलतात आणि आम्ही बोललेले त्यांना अर्धेच कळते. टीव्ही बघताना दर दोन मिनिटांनी विचारतात, "काय म्हनला त्यो?" आई सांगते. तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. विनोद झाला की आम्ही हसतो, आई त्यांना सांगते, मग ते हसतात. कधी कधी आई तव्याशी असते. तेव्हा आण्णा आमच्याकडे बघतात आणि आम्ही हसतो म्हणून तेही हसतात. न कळता हसलेले हसू ओळखू येते. आमच्या घरात ते सगळ्यांना ओळखू येत होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

आवाज वाढवावा म्हटले तर तेही जमत नव्हते. आवाज वाढवला की पडद्यावरच्या स्फोटाने आण्णा कपाळाला आठ्या घालत आणि मागोमाग येणारा संवाद पुन्हा निसटून जाई. याचा उलगडा एका तपासणी शिबिरात झाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कानांचा आलेख काढून मला दाखवला. डावीकडून रेघ बऱ्यापैकी सरळ येत होती आणि ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. सतत मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचे कान बहुधा तिथूनच जाऊ लागतात. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. अशा कानाची खोड अशी की, बारीक आवाज त्याला ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज निरोगी कानाइतकाच मोठा लागतो. मधली जागाच उरत नाही.

भाषाशास्त्राच्या तासाला शिकलेले स्वर आणि व्यंजन मला त्या दिवशी खरे कळले. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. 'स', 'श', 'त', 'क' यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत, म्हणजे नेमकी त्या विहिरीच्या जागी. 'साप', 'ताप' आणि 'काप' यांतला 'आ' आण्णांना स्वच्छ ऐकू येतो. फरक करणारे पहिले अक्षर तेवढे गळून पडते. कोणी बोलते आहे हे ऐकू येते, काय बोलते आहे ते कळत नाही.

एका रविवारी आण्णांचा डबा द्यायला गेलो तेव्हा दुकानातला मीटर माझ्या पिशवीत होता. शेडमध्ये मी तो चालू केला. आकडा ९६ ते ९८ यांच्यामध्ये नाचत होता. कारखान्यांच्या नियमात ९० डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा सांगितलेली आहे. आण्णांनी हातवाऱ्याने विचारले, किती? मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "सत्त्याण्णव!" ते हसले आणि माझ्या कानाशी ओरडले, "मग पास झालो म्हनायचं!"

त्या रात्री मी घरचा संच पुन्हा जुळवायला घेतला. मीटर खोलीच्या मध्यात न धरता चौकटीशी, आण्णांच्या कानाच्या उंचीवर धरला. तिथून डावा स्पीकर पाच फुटांवर आणि उजवा जवळजवळ दुप्पट अंतरावर होता. ते आकडे बदलले. मधला स्पीकर पाच डेसिबलने वर घेतला आणि त्याची वरची पट्टी थोडी उघडली. मागचे दोन्ही तीन डेसिबलने खाली, सबवूफर चारने. ॲम्प्लिफायरमध्ये रात्रीसाठी एक सोय असते. ती मोठ्या आणि बारीक आवाजांमधले अंतर कमी करते. ती चालू केली. मधल्या स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली एक जुनी लाकडी कांडी सारून त्याचे तोंड किंचित वर आणि दाराकडे वळवले. पुस्तकाच्या हिशेबाने सगळा संच बिघडला. बहिणीने तक्रार केली की लढाईत आता मजा येत नाही. तिच्यासाठी दुसरी मांडणी एका कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवली आहे. आण्णा कामावर असताना ती लावायची, असा आमचा तह झाला.

तपासायला 'शोले' घेऊन उपयोग नव्हता. तो आण्णांना पहिल्या शब्दापासून पाठ आहे. १९७५ सालच्या त्या चित्रपटाला त्यांना स्पीकरची गरजच नाही. म्हणून कोणीच न पाहिलेला एक मराठी विनोदी चित्रपट लावला. दहाएक मिनिटांनी एक विनोद झाला. आम्ही हसलो. सवयीने आई दारातून सांगायला लागली, "त्यो म्हनतोय..." आण्णा म्हणाले, "आलं ऐकू." ते हसतच होते. आमच्याबरोबरच हसले होते. आई हातात उलथने घेऊन तशीच उभी राहिली. इतकी वर्षे आमच्या घरातला मधला स्पीकर तीच होती. त्या दिवशी तिने पहिल्यांदा एक सिनेमा स्वतःसाठी पाहिला. थोड्या वेळाने आण्णा मला म्हणाले, "लेका, आवाज जरा बारीक कर. शेजारी पहिल्या पाळीचं हाईत." आवाज बारीक करायला सांगितलेले मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

यात चमत्कार काही नाही आणि कान बरा झालेला नाही. कुजबुज त्यांना अजूनही कळत नाही, घाईचे बोलणे निसटते. श्रवणयंत्रासाठी आम्ही पैसे साठवतो आहोत. कानात घालायचे फोमचे बोळे मी आणून दिले आहेत. पण मागाचा आवाज बदलला की सूत तुटले हे कळते, बोळे घातले तर कळत नाही, असे आण्णांचे म्हणणे. त्या बोळ्यांची डबी सध्या त्यांच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी असते. शेडमधला आकडा मला कोणत्याही बटणाने खाली आणता येत नाही. माझा स्पीकर घरात रोज दोन तास चालतो, माग बारा तास. हा हिशेब मला ठाऊक आहे.

तरी दुकानात नवा संच उघडताना आता माझ्या मनात एक प्रश्न येतो. त्या बारक्या माइकला सगळे मोजता येते. अंतर, वेळ, डेसिबल. पण तो गृहीत धरतो की ऐकणारा मध्ये बसला आहे आणि त्याचे कान शाबूत आहेत. सगळ्यांना सारखे देणे आणि सगळ्यांपर्यंत सारखे पोहोचणे यांत अंतर आहे, आणि ते टेपने मोजता येत नाही.

आपल्या कॉलेजातही मी पहिले वर्षभर शेवटच्या बाकावर होतो. सरांचा आवाज तिथपर्यंत खणखणीत येत असे. पण 'आशय', 'अभिव्यक्ती', 'संहिता' हे शब्द माझ्यापर्यंत यायचे ते आण्णांच्या व्यंजनांसारखे, आणि घरी विचारावे असे कोणी शिकलेले नव्हते. आमच्या एक मॅडम तास सुरू करण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचे चार अवघड शब्द अर्थासह लिहीत. पुढच्या बाकांवरच्या मुलांना त्यांची गरज नव्हती. ज्यांना होती त्यांनी हात वर करून कधी मागितले नव्हते. त्या मात्र न चुकता लिहीत.

ज्यांच्या घरी असा संच आहे किंवा येणार आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. वायरी तपासा, अंतरे मोजा, खर्ज कोपऱ्यात कोंडू नका आणि मधल्या स्पीकरला शोभेची वस्तू समजू नका. आणि टेप बाहेर काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारून घ्या की, तुम्ही कुठे बसता, आणि तिथे जे ऐकू येते ते कळतेही का?